भोकं जुळली म्हणजे बंदूक जुळत नाही

सिल्वासाच्या आसपास, खेरडी-राखोली-मसाटच्या पट्ट्यात, लेथ आणि व्हीएमसीवर हात बसलेल्या माणसांची वाण नाही. नमुना टेबलावर ठेवा, व्हर्नियर लावतील, मापं उतरवतील आणि दोन दिवसांत तसाच तुकडा हातात देतील. मूळ कंपनीचा पार्ट दहा हजारांचा असेल तर आपल्याकडे तो दोन हजारांत होतो, आणि पंपाच्या, यंत्रमागाच्या, पॅकिंग मशीनच्या बाबतीत हे बहुतेक वेळा चालूनही जातं. बिघडलंच तर मशीन थांबतं, मालक ओरडतो, नवा तुकडा बसतो. ही सवय बंदुकीपर्यंत पोचते तेव्हा मात्र मला धडकी भरते. मी हे दोघांसाठी लिहितो आहे. एक, ज्याच्या घरी वाडवडिलांपासून परवान्याची रायफल किंवा बंदूक आहे आणि तिचा एखादा भाग झिजला आहे. दुसरा, ज्याच्याकडे कुणी तरी नमुना घेऊन येऊन म्हणतो, ‘भाऊ, बाकी सगळं आहे, फक्त ही बॉडी बनवून द्या.’ दोघांनाही माझं एकच सांगणं आहे: रायफलची बॉडी सुरक्षित आहे की नाही हे तिच्या मापावरून कळत नाही. तिचं पोलाद कुठलं, ते कसं तापवलं आणि निववलं, आणि शेवटी तिची दाबचाचणी कोणी घेतली, यावर ते ठरतं. यातलं काहीही तयार तुकड्याकडे बघून समजत नाही.

रिसीव्हर म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. नळी पुढून जिच्यात आट्यांनी बसते, बोल्ट मागेपुढे जिच्यात सरकतो आणि घोड्याची यंत्रणा जिला खालून लागते, ती पोलादी चौकट म्हणजे रिसीव्हर. आपल्याकडे तिला बॉडीच म्हणतात. बाहेरून पाहिलं तर ती नुसती खाचा-भोकांची पेटी वाटते, आणि घोटाळा इथेच होतो. घरातल्या कुकरमध्ये शिट्टी व्हायच्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो जास्त दाब असतो. .३०३च्या काडतुसात तो ३,७०० किलोंच्या घरात जातो. काडतुसाच्या बुडाचं क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस सेंटीमीटर धरा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात बोल्टवर साडेतीन टनांच्या आसपासचा मागचा धक्का बसतो. ली-एनफिल्ड जातीच्या रायफलीत बोल्ट अडवणारे कान बोल्टच्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे हा सगळा धक्का रिसीव्हरच्या दोन्ही कडा ताणत जातो. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ची नागरी रायफल याच घराण्यातली. नेम धरणाऱ्याचा डोळा आणि गाल या पेटीपासून वीतभरावर असतो.

आता माझा मुख्य पुरावा, आणि तो कुठल्या गल्लीतल्या कारखान्याचा नाही. अमेरिकी सरकारच्या शस्त्रागाराचा आहे. १९०३ची स्प्रिंगफील्ड ही तेव्हा त्यांच्या सैन्याची मुख्य रायफल. १९१७मध्ये त्यातल्या काहींचे रिसीव्हर गोळी झाडताना फुटू लागले. निमित्त झालं नरम पितळेच्या काडतुसांचं. बूड फाटून वायू मागे आला, आणि चांगल्या रिसीव्हरने जे सोसायला हवं होतं ते या रिसीव्हरांनी सोसलं नाही. वाकले नाहीत, काचेसारखे तडकले. शोध घेतल्यावर कारण निघालं ते फार बोलकं आहे. भट्टीतून काढलेलं पोलाद पुरेसं तापलं की नाही, हे मुरलेले कारागीर नजरेने, लाल रंगाच्या छटेवरून ठरवत. पण झाकोळलेल्या दिवशी जो लाल रंग ‘बरोबर’ दिसायचा, तो लख्ख उन्हाच्या दिवशी फिका दिसायचा. मग कारागीर तुकडा आणखी तापू द्यायचा. मोजून पाहिल्यावर या दोन ‘बरोबर’मधला फरक दीडशे अंश सेल्सियसहून जास्त निघाला. पोलाद जळून ठिसूळ व्हायचं. वर रंग तोच, माप तेच, पॉलिश तेच. त्यानंतर तापमापक आले, उष्णोपचाराची पद्धत बदलली. ज्युलियन हॅचर या शस्त्रतज्ज्ञाने आपल्या पुस्तकात फुटलेल्या ६८ रिसीव्हरांची नोंद करून ठेवली आहे. लाखो रायफलींमध्ये ६८ हा आकडा लहान वाटेल. पण त्या ६८ कोणत्या, हे आधी कुणालाच सांगता आलं नाही. घाबरवणारी गोष्ट आहे ती हीच.

यावर पहिला आक्षेप आपल्याच पट्ट्यातून येणार आणि तो रास्त आहे: ‘ते शंभर वर्षांपूर्वीचं झालं. आता आमच्याकडे सीएनसी आहे, शतांश मिलिमीटरची अचूकता आहे.’ आहे, मान्य. पण यंत्र माप कापतं, पोलादाचा स्वभाव कापत नाही. बाजारातून आणलेला ईएन ग्रेडचा ठोकळा खरंच त्या ग्रेडचा आहे की शिक्का मारून विकलेलं भंगार आहे, हे व्हीएमसीला कळत नाही. वरचं कवच कडक आणि आतला गाभा चिवट हवा, तर कडकपणा किती खोलवर गेला आहे हे डायल गेज सांगत नाही. जॉबवर्कवाल्याकडे तुकडा उष्णोपचारासाठी बाहेर जातो, तिथे तो इतर गिऱ्हाइकांच्या गिअर-शाफ्टबरोबर एकाच भट्टीत बसतो, आणि परत येताना सोबत असते ती चलनाची पिवळी प्रत. गिअरला ते पुरतं. ज्याच्यामागे माणसाचा डोळा आहे त्याला पुरत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं आहे. १९६२च्या युद्धानंतरच्या काळात इशापूरच्या रायफल फॅक्टरीला जुन्या .३०३च्या घाटाची, पण ७.६२ मिलिमीटरच्या जास्त दाबाच्या काडतुसाची रायफल काढायची होती. तीच पुढे २ए आणि २ए१ म्हणून ओळखली गेली. सोपा मार्ग समोरच होता: गोदामातले जुने रिसीव्हर घ्या, नळी बदला. त्यांनी तसं केलं नाही. आकार बराचसा जुनाच ठेवला, पण रिसीव्हर सुधारित पोलादाचे नव्याने घडवले. जुना आणि नवा रिसीव्हर शेजारी ठेवले तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. ज्यांनी अर्धं शतक तोच रिसीव्हर बनवला होता, त्यांनाही जुन्या पोलादावर नवा दाब टाकावासा वाटला नाही. मग एका नमुन्यावरून तुकडा काढून देणाऱ्याने कशाच्या जोरावर हो म्हणावं?

‘अमेरिकेत तर लोक घरी बसून रायफली जुळवतात’ हा आक्षेप हल्ली व्हिडिओ पाहून आलेल्या तरुणांचा असतो. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण त्यात निम्मं खरं आहे. तिथे जी एआर जातीची रायफल सुट्या भागांतून जुळवली जाते, तिच्यात बोल्टचे कान थेट नळीच्या मागच्या पोलादी तुकड्यात अडकतात. स्फोटाचा धक्का नळी आणि बोल्ट आपापसात वाटून घेतात, आणि रिसीव्हर ॲल्युमिनियमचा असला तरी चालतो. तिथल्या कायद्याने खालच्या रिसीव्हरलाच बंदूक मानलं असलं तरी स्फोटाचा भार त्याच्यावर येत नाही. पण हाच न्याय दुसऱ्या रायफलीला लावला की गणित उलटतं. आपल्या जवानांनी वर्षानुवर्षं वापरलेली एसएलआर, म्हणजे बेल्जियमच्या एफएएलचा आपला अवतार, घ्या. तिच्यात बोल्टचा मागचा भाग खाली झुकतो आणि रिसीव्हरमध्ये बसवलेल्या आडव्या खुंटीवर टेकतो. सगळा धक्का रिसीव्हरवर. अमेरिकेत परदेशी रायफलींचे कापलेले भाग आयात करून त्यांना देशी रिसीव्हर लावण्याचा धंदा चालला, तेव्हा त्यातल्या काही रिसीव्हरांच्या मापांबद्दल आणि दर्जाबद्दल तक्रारी झाल्या, त्यांत अशा जातीही होत्या. म्हणजे ‘तिकडे चालतं’ म्हणताना कुठल्या घडणीत चालतं, हे आधी विचारावं लागतं. आणि तिकडचं चालणं इकडच्या कायद्याला लागू नाही, त्याकडे येतोच.

तिसरा आक्षेप सगळ्यांत हुशार आहे: ‘तुम्हीच सांगता की सरकारी शस्त्रागारानेही चुकीचे रिसीव्हर काढले. मग मूळ माल आणि नकली माल यांत फरक काय राहिला?’ फरक नंबराचा आहे. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात साधारण ८ लाखांच्या खालचे नंबर जुन्या पद्धतीचे, हे त्यांना सांगता आलं. दुसऱ्या, रॉक आयलंडच्या कारखान्यात ती सीमा २,८५,५०७ ठरली. त्या खालच्या रायफली संशयित धरून बाजूला काढता आल्या. चूक झाली, पण चुकीला पत्ता होता. बिननावाच्या तुकड्याला असा पत्ता नसतो. तो फुटला तर त्याच ठोकळ्यातून निघालेले बाकीचे चार कुठे आहेत, हे कुणाला कळणार? युरोपातल्या अनेक देशांत तर कारखान्याच्या शब्दावरही बंदूक विकत नाहीत. लंडनचं चाचणीगृह १६३७च्या सनदेचं आणि बर्मिंगहॅमचं १८१३चं. दोन्ही ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून, बंदूक टिकली तरच तिच्यावर शिक्का उमटवतात. रिसीव्हर किंवा नळी बदलली की जुना शिक्का संपला, पुन्हा चाचणी. आपल्याकडे कुणी तरी बॉडी बदलून देतो आणि म्हणतो, ‘दोन राउंड मारून बघितलेत, काही झालं नाही.’ ठिसूळ पोलाद दोन राउंडांत फुटेलच असं नाही. ते विसाव्याला फुटतं, थंडीत फुटतं, किंवा काडतूस जरा जास्त तेज निघालं त्या दिवशी फुटतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण इथे गैरसमज फार आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘बंदूक’ या शब्दाच्या व्याख्येतच तिचे सुटे भाग येतात. ‘मी पूर्ण बंदूक कुठे बनवली, फक्त बॉडी मिलिंग केली’ हा बचाव म्हणून उभा राहत नाही. बनवणं, दुरुस्त करणं, बदल करणं आणि चाचणी घेणं या प्रत्येकाला कलम ५खाली परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान ७ वर्षांची कैद आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. एका तुकड्याच्या मजुरीसाठी. जॉबवर्क घेणाऱ्यांनी एवढं तरी करावं: ड्रॉइंगवर भागाचं नाव नसेल, वापर विचारल्यावर उत्तर टाळलं जात असेल आणि बिल नको म्हटलं जात असेल, तर नमुना परत द्यावा. गिऱ्हाईक दुखावेल. दुखावू दे.

उरला परवानाधारक. तळकोकणात आणि इतरत्र भात-काजूच्या राखणीसाठी दिलेल्या बंदुका अजून घराघरांत आहेत. शस्त्र अधिनियमातच शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीची, आणि संरक्षण वा क्रीडेसाठी २० इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे. यातल्या कित्येक बंदुका आजोबांच्या काळातल्या आणि भाग मिळेनासे झालेल्या. ‘मग करायचं काय, फेकून द्यायची?’ हा प्रश्न खरा आहे. माझं मत कठोर वाटेल, पण मूळ बॉडी झिजली, तडकली किंवा गंजून खड्डे पडले, तर ती बंदूक वापरातून गेली असं समजावं. बाहेरचा छोटा भाग बदलणं वेगळं. दाब झेलणारा भाग बदलणं म्हणजे दुसरी बंदूक बनवणं. परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि त्याने नाही म्हटलं तर ते नाही ऐका. जुन्या विलायती दुनळीच्या नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली नळी असते. ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे, आजची काडतुसं तिच्यात घालू नयेत. घरातला परवानाधारक वारला असेल तर बंदूक कपाटात ठेवून देऊ नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने पुढचा विचार करावा.

रायफल असेल तर तीन गोष्टी दर वर्षी पाहाव्यात. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर एकच आहे का. झाडलेल्या काडतुसाच्या केसवर, बुडाच्या जरा वर, चकचकीत कडं दिसतं का. दिसलं तर केस ताणली जाते आहे, म्हणजे बोल्ट आणि नळी यांतलं अंतर वाढलं आहे. आणि गोळी झाडल्यावर बोल्ट उचलायला पूर्वीपेक्षा जोर लागतो का. नंबर वेगळे निघाले किंवा बाकी दोनपैकी एकही आढळलं, तर पुढची गोळी झाडू नये. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा होते आणि नंतर परत मिळते, तेव्हा ही तपासणी करायला चांगली संधी असते. हवालदार पावतीवरचा नंबर वाचतो, तेव्हा नुसतं ‘हो, हो’ न म्हणता बॉडीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी, लागला तर चष्मा लावून, आकडा-आकडा जुळवून घ्यावा.