डिस्क वाकडी म्हणण्याआधी

वाई

चि. बाळास,

परवा फोनवर म्हणालास, गिऱ्हाइकाची गाडी ब्रेक मारला की हादरते, आणि गॅरेजातले सगळे म्हणतायत डिस्क वाकडी झाली, लेथवर फिरवून आण. तुला ते पटलं नाही म्हणून तू मला विचारलंस, याचा मला फार आनंद झाला.

आधी गाडी स्वतः चालव. ब्रेक न मारताही थरथर असेल तर चाकाचं बॅलन्सिंग बघ. फक्त ब्रेकवर येत असेल तर ती कुठे लागते ते ओळख. स्टेअरिंग थरथरलं तर बहुधा पुढचे ब्रेक; सीटखालून हादरा आला तर मागचे. मागे ड्रम असतील तर मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो अलगद ओढ. हादरा तसाच आला तर मागचे ड्रम उघडायचे. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारल्यावर पेडल कुरकुरत असेल तर तो एबीएस; त्याला हात लावू नकोस.

आता डिस्कबद्दल. बिडाची डिस्क पापडासारखी वाकते हे ऐकत मी म्हातारा झालो, पण मोजायला बसलो तेव्हा तसं क्वचितच दिसलं. खरा दोष असतो जाडीतल्या फरकाचा. एका जागी डिस्क जाड, दुसऱ्या जागी पातळ. जाड भाग पॅडमधून जाताना पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की तो पुढे येतो, आणि हे ऑइलच्या दाबातून पायापर्यंत पोचतं. ताशी 80 किलोमीटरला लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण 12 फेरे घेतं, तेवढेच धक्के. त्याला 0.02 मिलिमीटरचा फरकही पुरतो. आपला केस त्याहून जाड असतो.

हा फरक येतो कुठून, ते मला एका टॅक्सीनं शिकवलं. पाचगणीला रोज पसरणी घाट चढउतार करणारी गाडी. मी नव्या डिस्क घातल्या, गाडी लोण्यासारखी थांबली. चार-पाच हजार किलोमीटरनंतर तोच हादरा. पुन्हा नव्या घातल्या, पुन्हा तेच. मालकाचे पैसे दोनदा गेले, ते अजून मला लागून आहे. तिसऱ्या वेळी माझ्या उस्तादांनी डिस्क काढून हबवर बोट फिरवलं. गंजाचा पातळ पापुद्रा होता. त्याच्यावर डिस्क बसली की ती किंचित तिरकी फिरते. हबवर जेवढी चूक, कडेला त्याच्या जवळपास दुप्पट. ब्रेक नसतानाही तिरकी डिस्क दर फेऱ्याला पॅडला त्याच जागी घासते आणि ती जागा झिजत जाते. म्हणून दोष लगेच दिसत नाही, हजारो किलोमीटरनंतर उगवतो, आणि तोवर आपण आपलं काम विसरलेले असतो.

म्हणून हब वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत कर. डिस्क नटांनी आवळून घे, डायल गेज कडेपासून 10 मिलिमीटर आत लाव आणि हाताने फिरव. बऱ्याच कंपन्या 0.05 ते 0.10 मिलिमीटरच्या दरम्यानची मर्यादा देतात. त्या गाडीचं मॅन्युअल बघ. जास्त आलं तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसव आणि पुन्हा मोज; कधीकधी एवढ्यानेच काम होतं. जाडी मायक्रोमीटरने आठ जागी घे. किमान जाडी डिस्कवर कोरलेली असते, तिच्याखाली जाणारी डिस्क लेथवर नेऊच नकोस. कॅलिपरच्या पिना हाताने सरकल्या पाहिजेत. लोअर आर्मचे बुश आणि टाय रॉड एंडही हलवून बघ. ते ढिले असले की लहान हादराही मोठा वाटतो. चाकाचे नट हवेच्या गनने करकचून आवळू नकोस. टॉर्क पाना घे, समोरासमोरचे नट आवळ.

कधी डिस्क झिजलेली नसते, तिच्यावर पॅडचा मसाला चिकटलेला असतो. घाट उतरून तापलेली गाडी पाय ब्रेकवर दाबूनच उभी केली की पॅडचा ठसा उमटतो. गिऱ्हाइकाला दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला सांग. आणि नवे पॅड घातलेस तर गाडी द्यायच्या आधी 50-60 च्या वेगावरून 15 पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये अंतर ठेवून आठ-दहा वेळा आण. तेवढा वेळ मालकाकडून मागून घे.

पॅडची धूळ हवेने उडवू नकोस, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पूस.

माझं डायल गेज एस.टी.च्या पार्सलने पाठवतोय. त्याच्या चुंबकी स्टँडचा वरचा स्क्रू थोडा ढिला आहे, तो आवळल्याशिवाय आकडा खरा धरू नकोस. आठही मापं वहीत लिही आणि रात्री फोन कर.

तुझा मामा