रानातील मुक्कामाची सिद्धता

दिवाळीची सुट्टी जवळ आली की अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील घराघरांत सहलीचे बेत होऊ लागतात. तंबू व जीपगाडी घेऊन दूरच्या रानात एखादी रात्र काढावी, अशी हौस अलीकडे पुष्कळ कुटुंबांस वाटू लागली आहे. ही हौस चांगलीच आहे. परंतु अशा प्रवासाची सुरक्षितता रानात गेल्यावर ठरत नसून, निघण्यापूर्वी घरीच कागद-पेन्सिल घेऊन ठरवावी लागते. हीच गोष्ट विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावी, एवढा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम गाडीचा विचार करू. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांस मिळते. त्यांपैकी एक चिखलात गरगर फिरू लागले की मोटार जागीच रुतते. जीपमध्ये ही शक्ती चारही चाकांकडे नेता येते. यासच फोर-व्हील ड्राइव्ह म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकन सैन्यासाठी या गाड्या मोठ्या संख्येने तयार झाल्या. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने त्या मुंबईत जुळविण्यास आरंभ केला, व पुढे त्या कंपनीचा कारखाना आपल्या शेजारच्या कांदिवलीस उभा राहिला.

मात्र या शक्तीला मर्यादा आहेत. चारही चाकांस जोर मिळाल्याने गाडी चढ अधिक चांगला चढते. पण ती लवकर थांबते असे नव्हे, कारण ब्रेक साध्या मोटारीतही चारही चाकांस असतात. शिवाय अशी गाडी आपणांस जितकी दूर नेते, तितकीच ती बिघडल्यास मदतही दूर राहते.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील ओसाड मुलुखात बर्ड्सव्हिल नावाचा सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. डिसेंबर १९६३ मध्ये, तेथील ऐन उन्हाळ्यात, इंग्लंडातून त्या देशी राहावयास गेलेल्या एका कुटुंबातील पाच जण या मार्गावर वाट चुकले. पेट्रोल संपले, पाणी संपले. ते मोटार सोडून पाण्याच्या शोधात निघाले आणि पाचही जण तहानेने मृत्यू पावले. गाडी अडली तर तिच्याजवळच राहावे, हा त्या देशातील प्रवासाचा पहिला नियम आहे. गाडीची सावली मिळते, आणि विमानातून शोध घेणाऱ्यांस माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

आपला सह्याद्री वाळवंट नाही, हे खरे. तथापि हिशेबाची रीत तीच. उदाहरणादाखल मुलुंडहून भंडारदऱ्याचा प्रवास घेऊ. कसारा घाट चढून इगतपुरीवरून घोटीस यावे, तेथे नाशिकचा हमरस्ता सोडावा व बारीवरून शेंडीस पोहोचावे. शेंडीजवळ प्रवरा नदीवर १९२६ साली पूर्ण झालेले धरण आहे. जलाशयाच्या काठाने पुढे गेले असता रतनवाडी लागते. तेथे अमृतेश्वराचे प्राचीन देऊळ असून वर रतनगड उभा आहे.

आता पाणी मोजू. पिणे व स्वयंपाक मिळून माणशी दररोज चार लिटर धरावे. पाच माणसांस दोन दिवसांचे चाळीस लिटर झाले. त्यात अडचणीसाठी निम्मे, म्हणजे वीस लिटर, मिळवावे. हे साठ लिटर पाणी साठ किलो वजनाचे होते. ते टपावर ठेवल्यास गाडी वळणावर कलंडण्याचा संभव वाढतो. म्हणून ते आत, खाली ठेवावे. एकच भांडे न घेता तीन घ्यावी, म्हणजे एक गळले तरी दोन उरतात. इंधनाचाही असाच हिशेब करावा. खडबडीत वाटेवर, खालच्या गिअरमध्ये गाडी सपाट रस्त्यापेक्षा पुष्कळ अधिक इंधन घेते, म्हणून घोटीसच टाकी भरून घ्यावी. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा चारपर्यंत तंबू उभा राहील अशा बेताने घरून निघावे.

ओढ्याच्या पाण्याविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. आर्किमिडीजचा सिद्धांत वरच्या वर्गातील विद्यार्थी जाणतातच. चार मीटर लांब व दीड मीटर रुंद गाडीच्या तळापासून पाणी तीस सेंटिमीटर वर चढले, तर सुमारे १.८ घनमीटर पाणी बाजूस सारले जाते. त्याचे वजन १८०० किलो. पुष्कळ जीपगाड्यांचे वजन याच सुमारास असते. अर्थात पाणी आत शिरण्यापूर्वीच चाके जमिनीवरून सुटू लागतात, आणि मग चारही चाकांची शक्ती व्यर्थ होते. साम्रदजवळील सांदण दरीसारख्या अरुंद घळीत तर वर दूर कोठे पडलेला पाऊस अचानक लोंढा होऊन येतो. म्हणून पावसाळ्यात तेथे उतरूच नये.

हा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. प्रवेशाची व मुक्कामाची परवानगी वनखात्याकडून घ्यावी, गाडी ठरलेल्या रस्त्याबाहेर नेऊ नये. अभयारण्यास धोका होईल असा जाळ करण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. येथे महादेव कोळी व ठाकर लोकांची वस्ती आहे. वाटाड्या त्यांच्यातीलच घ्यावा व त्यास योग्य मोबदला द्यावा. उन्हाळ्यात गावची विहीर हाच त्यांचा आधार असतो. तिचे पाणी आपल्या अंघोळीसाठी उपसणे बरे नव्हे.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि तीस एक पैसाही लागत नाही. घरी राहणाऱ्या एका विश्वासू माणसाजवळ एक कागद देऊन जावे. त्यावर जाणाऱ्यांची नावे, गाडीचा क्रमांक, जाण्यायेण्याचा मार्ग, मुक्कामाचे ठिकाण व परतण्याची वेळ लिहावी. अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे, हेही स्पष्ट लिहावे. दऱ्यांत मोबाइल पुष्कळदा मुका होतो; अशा वेळी हा कागदच आपल्या वतीने बोलतो. मात्र त्यावर लिहिलेला मार्ग वाटेत लहरीने बदलू नये, नाहीतर शोध करणारे भलत्याच दरीत हिंडत राहतील.

विद्यार्थिमित्रहो, गाडी चालविण्याचे तुमचे वय नाही. पण पाण्याचा, इंधनाचा व वेळेचा हिशेब करण्याइतके गणित तुम्हांस येते. पुढच्या सहलीचा तो कागद तुम्हीच सुवाच्य अक्षरात लिहावा, वडिलांस वाचून दाखवावा, आणि घरी राहणाऱ्या आजीच्या किंवा काकांच्या हाती देऊन मगच गाडीत बसावे.