मोटार फिरते, पण पाणी का येत नाही?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या काळ्या पाषाणातल्या विहिरी उन्हाळ्यात झपाट्याने खाली जातात. मग मोटार फिरते, पण पाणी येत नाही. अशा वेळी लगेच पंप खोलू नका. क्रमाने पाहा.

१) पंपापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. काठावरचा पंप व्यवहारात २०-२२ फुटांखालचे पाणी ओढत नाही.

२) पंपात पाणी भरा. भरलेले पाणी उतरून गेले, तर फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा त्याचे वायसर झिजले आहे.

३) पाणी टिकते, तरी पंप उचलत नाही? मग सक्शन पाइपाचे सांधे आणि ग्लँडची दोरी तपासा. तिथून पंप हवा घेतो.

४) मोटार नुसतीच गुणगुणत असेल, तर बहुधा एक फेज गेला आहे. ताबडतोब बंद करा, नाहीतर मोटार जळेल.

पाणी खोल गेले म्हणून डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. धुरातला विषारी वायू खाली कोंडतो. त्याला वासही नसतो. आत माणूस पडला, तर त्याला काढायला उतरणाराही जातो. एक पाणी चुकले तरी ऊस सावरेल. कर्ता माणूस गेल्यावर घर सावरत नाही.