गवत कापायचं यंत्र बंद पडतंय? आधी पेट्रोलचं मिश्रण तपासा

मैत्रिणींनो, पावसाळ्यात बांधावर आणि बागेत गवत माजतं. गटाचं गवत कापायचं यंत्र, म्हणजे ब्रश कटर, भाड्याने देऊन चार पैसे मिळायचे हेच दिवस. नेमकं तेव्हाच यंत्र बंद पडलं, तर भाडं बुडतं आणि कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. पुष्कळदा दोष साधा असतो, आपण स्वतः शोधू शकतो असा.

ऑईलचं माप

तुमचं इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे यंत्राच्या पुस्तिकेत बघा. फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल वेगळं भरतात, पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. टू-स्ट्रोकला मात्र पेट्रोलमधल्या ऑईलचंच वंगण मिळतं. ऑईल विसरलं तर पिस्टन जाम होतो आणि खर्च मोठा येतो.

पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑईल. ४०:१ असेल तर २५ मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नका. माप वापरा, वेगळ्या कॅनमध्ये मिसळा, हलवा आणि मगच टाकीत भरा. "थोडं जास्त ऑईल बरं" हेही खरं नाही. त्याने धूर होतो, प्लगवर काजळी धरते.

लक्षणं ओळखा

इंजिनला पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात लागते.

*पेट्रोल कमी पडत असेल तर:* रेस दिली की इंजिन दम सोडतं, आवाज वरखाली होतो, चोक अर्धा लावला तरच चालतं, लवकर तापतं. प्लगचं टोक पांढरट दिसतं. असं यंत्र रेटून चालवू नका. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी गेलं की वंगणही कमी जातं.

*पेट्रोल जास्त होत असेल तर:* काळा धूर, पेट्रोलचा वास, जड आवाज. प्लग काळा किंवा ओला असतो.

प्लगचं टोक चहासारखं तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे.

या क्रमाने तपासा

१. इंजिन थंड होऊ द्या. प्लगची टोपी काढा, मगच हात लावा. जवळ चूल किंवा विडी नको.

२. पेट्रोल जुनं आहे का? काचेच्या बाटलीत थोडं घ्या. खाली वेगळा थर दिसला तर पाणी शिरलंय, ते वापरू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं.

३. चोक काम झाल्यावर पूर्ण उघडला का?

४. हवेचा फिल्टर बघा. तो तुंबला की हवा कमी जाते. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. कागदी असेल तर फक्त झटका, धुवू नका.

५. यंत्र थोडा वेळ चालून बंद पडतं आणि टाकीचं झाकण सैल केलं की पुन्हा चालतं? मग झाकणातलं हवेचं भोक तुंबलंय.

६. पेट्रोलची नळी चिरली आहे का आणि टाकीतली गाळणी घाण आहे का, ते बघा.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर दोष कार्बोरेटरमध्ये असू शकतो. त्याचे स्क्रू स्वतः फिरवू नका, मेकॅनिककडे द्या. काय काय तपासलं ते त्याला सांगा, म्हणजे त्याचा वेळ आणि आपला पैसा वाचेल.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. उरलेलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये सुकून त्याची बारीक भोकं बुजवतं.

बैठकीत चर्चा करा

- आपल्या यंत्राचं प्रमाण किती? ते कॅनवर रंगाने लिहिलंय का?
- यंत्र भाड्याने देताना मिश्रण कोण तयार करतं?
- तारीख, भरलेलं मिश्रण आणि दुरुस्ती यांची वही कोणत्या ताई ठेवणार?