कुत्र्यामांजरांस पिचकारीनें औषध पाजण्याची रीत

बैल, गाई व म्हशी ह्यांच्या दुखण्यांविषयीं शेतकरी वर्गांत पुष्कळ चर्चा होते, व ती होणें योग्यच आहे. परंतु वस्तीवर रात्रभर जागून राखण करणारा कुत्रा आणि कणगीभोंवतीं फिरून उंदरांचा बंदोबस्त करणारें मांजर हीं आजारी पडलीं म्हणजे आपोआप बरीं होतील असें म्हणून बहुधा सोडून दिलीं जातात. अथवा मालक फारच कनवाळू असला तर गुरांसाठीं आणलेलें औषध अदमासानें त्यांच्याही घशांत ओततो. ह्या दोहोंपैकीं दुसरा प्रकार अधिक घातक आहे, असें आमचें मत आहे. हल्लीं गुरांच्या दवाखान्यांतून कुत्र्यामांजरांसाठीं पातळ औषधें लिहून दिलीं जातात, आणि तीं पाजण्यास लागणारी प्लॅस्टिकची पिचकारी औषधाच्या कोणत्याही दुकानीं थोडक्या पैशांत मिळते. ती कशी वापरावी, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे केव्हां वापरूं नये, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

पोकळ सुई जोडून कातडीखालीं औषध घालण्याची पिचकारी १८५३ सालीं फ्रान्सांत प्राव्हाझ व स्कॉटलंडांत वुड ह्या दोघां डॉक्टरांनीं प्रचारांत आणली. आपणांस येथें तिची सुई नको. नळी आणि दट्ट्या एवढेंच पाहिजे.

बैलास वेळूच्या पोंगळीनें औषध पाजण्याची चाल जुनी आहे. तीच रीत कुत्र्यास लावून, दोघांनीं जबडा फांकून, मान वर ताणून चमचाभर औषध एकदम ओतलें जातें. घशांत अन्नाची व श्वासाची अशा दोन वाटा अगदीं शेजारीं शेजारीं आहेत. जनावर आपण होऊन गिळतें तेव्हां श्वासनलिकेचें तोंड झांकलें जातें; परंतु मान ताणून जबरीनें ओतलें असतां गिळण्याची क्रिया होण्यापूर्वींच औषध श्वासनलिकेंत उतरतें. त्यापासून फुप्फुसाचा दाह होतो, आणि मूळचें दुखणें किरकोळ असलें तरी जनावर ह्या नव्या दुखण्यानें मरतें. तेल तर ह्या बाबतींत फारच वाईट. पाणी भलत्या वाटेनें गेलें तर निदान ठसका तरी लागतो. तेलानें पुष्कळदां तोही लागत नाहीं, व तें निमूटपणें फुप्फुसांत जाऊन बसतें. म्हणून पोट साफ होण्यासाठीं गोडें तेल किंवा एरंडेल कुत्र्यामांजरांच्या तोंडांत बळेंच घालण्याची रीत सोडून द्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

पिचकारी हातीं घेण्यापूर्वीं थोडें दूर उभें राहून जनावराकडे नीट पाहावें. तें बेशुद्ध असेल, त्यास आंकडी येत असेल किंवा तें सारखें ओकत असेल, तर तोंडावाटें कांहींही देऊं नये. तसेंच उचलून दवाखान्यांत न्यावें. परंतु ह्याहून मोठा धोका निराळाच आहे, व तो जनावरास नसून मालकास आहे. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत आहे, लाळ गळत आहे, पाणी पुढें ठेविलें तरी गिळतां येत नाहीं, आवाज घोगरा झाला आहे, अशीं चिन्हें दिसलीं म्हणजे घशांत हाडूक अडकलें असा पुष्कळांचा समज होतो. मग घरांतील कोणीतरी जबडा फांकून आंत बोटें घालतो, किंवा औषध पाजूं लागतो. वस्तुतः हीं चिन्हें रेबीजच्या मुक्या प्रकाराचीं असूं शकतात. पिसाळलेला कुत्रा म्हणजे धांवून चावणारा कुत्रा, अशी आपली समजूत आहे. पण ह्या प्रकारांत तो कोणावर धांवत नाहीं, कोपऱ्यांत पडून राहतो, आणि म्हणूनच मालकास त्याची कींव येते. रोगाचें बीज लाळेंत असतें. बोटावर काट्याचा ताजा ओरखडा असला, आणि शेतकऱ्याच्या हातावर तो कधीं नसतो, तर चावा न बसतांही रोग जडूं शकतो.

माणसांत ह्या रोगाचीं लक्षणें एकदां प्रकट झालीं म्हणजे मृत्यु जवळजवळ ठरलेला. परंतु तत्पूर्वीं लस घेतली तर जीव वाचतो. पाश्चर ह्यांनीं १८८५ च्या जुलै महिन्यांत जोसेफ मायस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचविली, तेव्हांपासून हा उपाय मनुष्यजातीच्या हातीं आहे. तेव्हां गिळतां न येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडांत हात घालूं नये, त्यास मुलाबाळांपासून दूर कोंडावें, व पशुवैद्यास बोलवावें. लाळ हातास लागलीच असेल तर वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें हात धुवावा, आणि त्याच दिवशीं माणसांच्या सरकारी दवाखान्यांत जाऊन घडलेला प्रकार सांगावा. गाईम्हशींसही हाच नियम लागू आहे. पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेली गाय कांहीं आठवड्यांनीं लाळ गाळूं लागते, तोंवर चाव्याची गोष्ट घरांत विसरली गेलेली असते, आणि घशांत कांहीं अडकलें असें समजून तिच्या तोंडांत कोपरापर्यंत हात घातला जातो. कुत्र्याचें पिलूं तीन महिन्यांचें होतांच त्यास रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढें डॉक्टर सांगेल त्या मुदतीनें ती पुन्हां टोचीत जावी, म्हणजे निदान घरच्या कुत्र्यापुरती ही धास्ती उरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष पाजण्याकडे वळूं. औषधाची बाटली आधीं चांगली हालवावी, कारण पुष्कळ औषधांतील मुख्य अंश तळीं बसतो व वर नुसतें गोड पाणी राहतें. सुई न लावतां पिचकारीचें टोंक औषधांत बुडवून दट्ट्या ओढावा. मग टोंक वर करून नळीस टिचकी मारावी, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात. ते काढून टाकून औषध नेमक्या खुणेवर आणावें. कुत्र्यास भिंतीच्या कोपऱ्याशीं बसवावें, म्हणजे मागें सरकण्यास जागा राहत नाहीं. ज्या माणसावर त्याचा लोभ असेल त्यानेंच त्यास धरावें. पाजणाऱ्यानें समोर उभें न राहतां बाजूस बसावें. समोरून वांकणारा माणूस कुत्र्यास शत्रूसारखा वाटतो.

तोंड उघडण्याची मुळींच गरज नाहीं, हाच पिचकारीचा मुख्य गुण होय. एका हातानें जबड्यास खालून आधार द्यावा, व ओंठाचा कोपरा किंचित् बाहेर ओढावा. तेथें गाल आणि दाढा ह्यांच्यामध्यें पिशवीसारखी पोकळी तयार होते. सुळ्याच्या मागें ह्या पोकळींत टोंक ठेवून दट्ट्या सावकाश दाबावा. घशाच्या दिशेनें सरळ धार कधींही सोडूं नये. नाक जमिनीशीं समांतर, फार तर किंचित् वर असावें. एक-दोन मिलिलिटर द्यावें आणि थांबावें. घसा हालला, जीभ बाहेर येऊन नाक चाटलें, म्हणजे गिळलें असें समजून पुढचा घोट द्यावा. ठसका लागला तर तत्काळ थांबून मान मोकळी सोडावी. एवढें करूनही सबंध काम दोन मिनिटांत आटोपतें; ज्यांस ती दोन मिनिटें फार वाटतात त्यांनीं हें काम घरांतील दुसऱ्या कोणाकडे द्यावें हें बरें.

मांजराची गोष्ट वेगळी. कुत्रा मालकाची मर्जी राखतो, मांजर आपली स्वतःची. जुना पंचा पसरून त्यावर मांजरास ठेवावें, आणि चारी पाय आंत राहून डोकें तेवढें बाहेर येईल असें गुंडाळून कांखेंत धरावें. पंचा घट्ट असावा, पण श्वास कोंडूं नये. मांजरास एका वेळीं अर्ध्या मिलिलिटरहून अधिक देऊं नये. कडू औषध जिभेस लागतांच त्याच्या तोंडास फेंस येतो व घरचीं माणसें विषबाधा झाली म्हणून घाबरतात. हा फेंस बहुधा कडवटपणाचा असतो व थोड्या वेळानें थांबतो. मात्र कांहीं औषध फेंसाबरोबर सांडलें म्हणून अदमासानें दुसरी मात्रा देऊं नये. औषध दुधांत कालवून ठेवण्याची युक्ति पुष्कळ करितात. मांजर वासावरूनच तें ओळखून दूध टाकून जातें. शिवाय टेट्रासायक्लिन वर्गाचीं कांहीं औषधें दुधांतील कॅल्शियममुळें अंगीं लागत नाहींत. गोळी द्यावी लागलीच तर तिच्यामागून पिचकारीनें थोडथोडें करून पांच-सहा मिलिलिटर पाणी पाजावें, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेंत अडकून राहते. डॉक्सिसायक्लिनच्या अशा अडकलेल्या गोळीनें व्रण पडून पुढें ती नळीच अरुंद झाल्याचीं उदाहरणें पशुवैद्यांस चांगलीं माहीत आहेत.

मात्रेसंबंधीं मात्र अगदीं काटेकोरपणा पाहिजे. पिचकारी घेण्याचें खरें कारण तेंच. जनावराचें वजन अदमासानें न सांगतां, मालकानें त्यास कडेवर घेऊन धान्याच्या काट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें उभें राहावें, व वजाबाकी करावी. समजा, पिलाच्या जंतांसाठीं डॉक्टरानें दर किलो वजनास ५ मिलिग्राम औषध सांगितलें, पिलूं २ किलोचें आहे, आणि बाटलीवर १ मिलिलिटरमध्यें ५० मिलिग्राम असें लिहिलें आहे; तर पाजावयाचें औषध १० मिलिग्राम, म्हणजे ०.२ मिलिलिटर झालें. चमच्यानें हें मोजणें अशक्य, आणि ०.२ च्या जागीं २ वाचलें तर दसपट औषध पोटांत जातें. लहान मात्रेस १ मिलिलिटरची पिचकारीच घ्यावी. जाता जाता हेंही सांगतों कीं, कुत्र्याच्या पिलांस जंत आईच्या उदरांतच लागतात. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्यास तें आठ आठवड्यांचें होईपर्यंत जंतांचें औषध द्यावें लागतें. ह्याच जंतांचीं अंडीं अंगणांत खेळणाऱ्या मुलांच्याही पोटांत जातात.

मधुमेही माणसाची इन्सुलिनची पिचकारी ह्या कामीं घेऊं नये. तिच्यावरील खुणा मिलिलिटरच्या नसून युनिटच्या असतात, आणि एका जातींत ४० खुणांचा तर दुसऱ्या जातींत १०० खुणांचा एक मिलिलिटर होतो.

गुरांचें उरलेलें औषध कुत्र्यास देणें हा तर सरळ जुगार होय. गुरांस टोचावयाचें आयव्हरमेक्टिन बहुधा एक टक्क्याचें असतें, म्हणजे १ मिलिलिटरमध्यें १० मिलिग्राम, आणि त्याचें प्रमाण ५० किलो वजनास १ मिलिलिटर आहे. दहा किलोच्या कुत्र्यास गोचिडांसाठीं त्यांतलें एक-दोन मिलिलिटर पाजणारा मनुष्य गुराच्या प्रमाणाच्याही पांचपट-दहापट देत असतो. कॉली जातीच्या व तिच्या संकराच्या पुष्कळ कुत्र्यांत तर एका उपजत दोषामुळें हें औषध मेंदूंत शिरतें व त्यांस तें थोडेंही सोसत नाहीं. बैलांच्या अंगावर लावण्याचीं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन व अमिट्राझ हीं औषधें मांजरास लावूं नयेत. तें अंग चाटतें, आणि त्याच्या यकृतास हीं विषें लवकर पचवितां येत नाहींत.

सर्वांत घातक वस्तु मात्र आपल्याच घरच्या डब्यांत असते. तापासाठीं माणसें घेतात ती पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रामची एक गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे. हिरड्या तपकिरी होतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. मुलांचें तापाचें गोड औषध म्हणजेही तेंच होय. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक ह्यांपासून कुत्र्याच्या पोटांत व्रण पडतात व मूत्रपिंडें बिघडतात. ह्याच डायक्लोफिनॅकनें गुरांच्या मढ्यांवाटें आपल्या देशांतील गिधाडांचा संहार केला, व २००६ सालीं तें जनावरांसाठीं बंद करावें लागलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

टोचण्याच्या सुईसंबंधीं थोडेंच सांगावयाचें आहे. टोचणें हें पशुवैद्याचें काम. मधुमेह झालेल्या कुत्र्यास रोज इन्सुलिन द्यावें लागतें, तेवढें मात्र डॉक्टर मालकास शिकवितो व मालकानें शिकून घ्यावें. वापरलेली सुई उकिरड्यांत टाकूं नये. तेथून ती खताबरोबर शेतांत व अनवाणी पायांत जाते. जाड प्लॅस्टिकच्या बाटलींत सांठवून ती दवाखान्यांत परत द्यावी.

पाजण्याची पिचकारी काम होतांच दट्ट्या वेगळा काढून कोमट पाण्यानें धुवावी व उताणी सुकवावी. प्रत्येक जनावरास निराळी ठेवणें चांगलें. फवारणीचें औषध मोजण्यासाठीं पुष्कळ घरीं अशीच पिचकारी असते. त्या दोहोंची जागा एक असूं नये. पाजण्याच्या पिचकारीस रंगीत दोरा बांधून ती स्वयंपाकघरांतील फळीवर, आणि फवारणीची अवजारांच्या खोलींत ठेवावी. खुणा पुसट झाल्या किंवा दट्ट्या अडखळूं लागला म्हणजे जुनी टाकून नवी आणावी, कारण अडखळणारा दट्ट्या जोर लावतांच एकदम सुटतो व सगळें औषध एका झटक्यांत घशांत जातें.