आडनावातलं गाव

'बूट पॉलिश' (१९५४) मधला जॉन चाचा साकारणारे डेव्हिड आपल्यातल्या अनेकांना ख्रिस्तीच वाटतात. पण त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे रायगडातलं चौल. ते बेने इस्रायली, म्हणजे घरी मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. हा समाज तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी काम बंद ठेवी. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

असंच उदाहरण अमेरिकेत आहे. पॉल मुनी मूळचे युरोपातले, आडनाव वाइझेनफ्रॉइंड. तिथल्या ज्यूंची भाषा यिडिश. तिच्याच रंगभूमीवर ते घडले. ऑस्कर मात्र मिळालं इंग्रजी चित्रपटात, लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भूमिकेसाठी. डेव्हिडनाही फिल्मफेअर मिळालं ते हिंदीतल्या जॉन चाचासाठी.

दोघांनी परकी माणसं आपलीशी केली, पण पडद्यावर दोघांचंही आडनाव उरलं नाही. मला यात यश दिसतं, तशी त्याची किंमतही दिसते. बारडोलीत आपण बाजारात गुजराती बोलतो नि घरी मराठी. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता एक काम करा: आपल्या आडनावातलं गाव कुठलं, ते घरच्या थोरल्यांना विचारा आणि पाच ओळी मराठीत लिहून आणा.