आज्ञावली आणि तिची माहितीपुस्तिका : एकत्र की स्वतंत्र?

संगणकाच्या आज्ञावलीबरोबर, म्हणजेच सॉफ्टवेअरबरोबर, ती कशी वापरावी हे सांगणारी माहितीपुस्तिकाही द्यावी लागते. ही पुस्तिका आज्ञावलीच्याच पॅकेजमध्ये ठेवावी की तिचे स्वतंत्र पॅकेज करावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ती सर्वांनाच दिली तर संगणकावरील जागा विनाकारण अडते. वेगळी काढली तर ऐन गरजेच्या वेळी ती हाताशी नसते. इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या धोरणात या प्रश्नाचा सविस्तर विचार केलेला आढळतो.

विभागणीची कसोटी

पुस्तिका आकाराने मोठी असावी आणि अनेक वापरकर्त्यांना तिची गरज नसावी, अशी ही दुहेरी कसोटी आहे. चार पानांचे टिपण वेगळे काढण्यात लाभ नाही. उलट पॅकेजांच्या सूचीत आणखी एका नोंदीची भर पडते. सामायिक लायब्ररींची गोष्ट निराळी. दुसऱ्या आज्ञावलीला लागतात म्हणून त्या आपोआप संगणकावर येतात. त्यांच्या पुस्तिकेत सामान्य वापरकर्त्याला स्वारस्य नसते. म्हणून ती विकासकांच्या पॅकेजमध्ये किंवा स्वतंत्र पॅकेजमध्ये ठेवली जाते.

दुसरे कारण भांडाराच्या जागेचे. आज्ञावली प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगळी तयार करावी लागते, पुस्तिकेचा मजकूर मात्र सर्वत्र एकच असतो. स्वतंत्र पॅकेज केल्यास एकच प्रत सर्वांना पुरते.

तिसरे कारण परवान्याचे. ज्यांतील काही भाग बदलण्यास मनाई आहे, अशा ग्नू परवान्याच्या पुस्तिका मुक्त मानता येणार नाहीत, असा निर्णय डेबियनच्या सदस्यांनी २००६ साली मतदानाने घेतला. त्यामुळे जीसीसी या संकलकाची पुस्तिका मुख्य भांडाराबाहेर, स्वतंत्र विभागात ठेवावी लागली.

काय वेगळे करू नये

परवान्याची माहिती देणारी फाइल प्रत्येक पॅकेजबरोबर असलीच पाहिजे. आज्ञेचा संक्षिप्त परिचय देणारे 'मॅन' पान आज्ञावलीजवळच शोभते. तसेच पुस्तिकांची निर्देशिका पुसून टाकली तरी आज्ञावली चालली पाहिजे, असा दंडक आहे.

दुवा तुटू नये

विभागणी झाल्यावर मूळ पॅकेजने पुस्तिकेचा उल्लेख केला पाहिजे. हा उल्लेख 'शिफारस' किंवा 'सूचना' या स्वरूपात होतो. शिफारस केलेले पॅकेज सामान्यतः आपोआप बसते. सुचविलेले मात्र मागून घ्यावे लागते. विकासकांच्या साधनांसाठी सामान्यतः फार तर सूचना आणि इतरांसाठी फार तर शिफारस, अशी मर्यादा धोरणाने घालून दिली आहे.

येथेच शाळा व कार्यालये यांनी दक्ष राहावयास हवे. जेथे इंटरनेट वारंवार खंडित होते, तेथे अडचण उद्भवल्यावर पुस्तिका मागविणे शक्य होत नाही. म्हणून संगणक सिद्ध करतानाच आवश्यक पुस्तिका बसवून घेणे हिताचे. निरनिराळ्या भाषांतील पुस्तिकांची वेगळी पॅकेजे असल्यास त्यांच्या नावाला भाषेचे संकेताक्षर जोडण्याची प्रथा आहे. मराठी अनुवाद सिद्ध झाल्यास त्यालाही याच मार्गाने स्थान मिळू शकते, आणि ज्याला तो हवा त्याच्यापर्यंत तो इतरांवर भार न टाकता पोहोचू शकतो.